दुसऱ्या भागातला गवा

पहिल्या भागात मला एकशे बारा वाक्ये होती.
त्यातली चाळीस तर नुसती रागाचीच,
कारण गवा म्हटला की रागीट, असे लिहिणाऱ्याला वाटले
आणि मलाही.
जत्रेच्या नाटकांत बत्तीस वर्षे
कंस, कीचक, दुःशासन करून
राग म्हणजे आपल्याच माडाचा नारळ झाला होता,
हात वर केला की हाताला लागायचा.

दुसऱ्या भागाचे कागद आले तेव्हा
चष्मा पुसून तीनदा चाळले.
शेकरू बोलते. खवल्या मांजर बोलते.
नवा एक खेकडा आलाय, तो तर थांबतच नाही.
गव्याच्या नावापुढे फक्त कंसात: श्वास.
पुढे बारा पानांनी पुन्हा: श्वास.
शेवटून तिसऱ्या पानावर: दीर्घ श्वास.
जन्मभर कंस केला,
आता म्हातारपणी कंसात जाऊन बसलो.

"म्हातारा झालाय तो, काका,"
ताळगावच्या स्टुडिओतून रेमेदियस फोनवर समजावत होता,
"पिल्लांना उतार दाखवतो नि बसून राहतो."
पैसे मात्र अठराशे, सगळ्याचे मिळून.
म्हणजे श्वासाला सहाशे, असा हिशेब सुभद्रेला सांगितला.
ती भाजी चिरत होती.
म्हणाली, रात्रभर घोरता त्याचे बिल कुणाला पाठवू?

आमच्या सावईवेऱ्याच्या कुळागरात
गवा खरोखरच येतो.
पौषात, पाटाचे पाणी खालच्या अंगाला सोडले की
केळी ओरबाडतो, पोफळीची रोपे तुडवतो.
भावाने त्याच्यासाठी फटाके आणून ठेवलेत.
त्या रात्री मी फटाके घेतले नाहीत.
बॅटरी विझवून पंपाच्या खोपीत बसलो,
पायाला डास, मांडीवर ते कागद.

आला.
आधी पांढरे मोजेच दिसले चार,
बाकीचा अंधारच होता, फक्त जरा दाट.
मी त्याला माझे गाजलेले वाक्य म्हणून दाखवले, खर्जात:
"ह्या रानाला दार नाही, म्हणून इथे चोर नाही!"
त्याने एक कान हलवला. डावा.
मग नाकातून सोडला...
कसा सांगू.
फेरीबोट धक्क्याजवळ आली की इंजिन बंद करतात
आणि तरी ती थोडी पुढे सरकत राहते,
तसा.
राग नव्हता त्यात. एवढासुद्धा नाही.
एकशे बारा वाक्ये मी वेगळ्याच कुणाची बोललो होतो.

सकाळी भावाने मोडलेली रोपे मोजली. सात.
मी खिशातून सहाशे काढून दिले.
कसले, त्याने विचारले.
उसने घेतले होते, म्हटले.

स्टुडिओत माइकपुढे चपला काढल्या, सवयीने.
रेमेदियस काचेमागून म्हणाला, थोडा कमी, काका.
अजून कमी.
तिसऱ्या वेळी मी काहीच केले नाही,
फक्त इंजिन बंद केले.
तो बराच वेळ बटणाला हात लावीना.

फोंड्याला नातीबरोबर पाहिला.
पडद्यावर माझे नाव ‘इतर आवाज’मध्ये होते म्हणे,
तोवर दिवे लागून लोक उठले होते.
खेकड्याला पोरे खदखदून हसली, मीही हसलो,
पोरगा चांगला बोललाय, खोटे कशाला सांगू.

मग नदी. पिल्ले पलीकडे गेली.
गवा अलीकडेच बसला, ऊन पाठीवर घेऊन.
मागच्या रांगेत कुणीतरी लहानगे विचारत होते,
हा का बोलत नाही? ह्याला का बोलायला देत नाहीत?
आई म्हणाली, गप, पुढे बघ.

नियती पुढेच बघत होती.
मान न वळवता तिने मक्याच्या लाह्यांचा खारट हात
माझ्या पोटावर ठेवला,
आणि तो दीर्घ श्वास येईतो
उचलला नाही.